पथ्य सुरू आहे, पण गोड सुटत नाही: एलिमिनेशन डाएट करणाऱ्या नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

पोट, त्वचा, डोकेदुखी किंवा ॲलर्जीच्या शंकेमुळे डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी एलिमिनेशन डाएट सांगितलं असेल, तर पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त छळतं ते गोड. खाली दिलेली उत्तरं आपल्या स्वयंपाकघराला आणि आपल्या बाजाराला धरून आहेत. औषधांचे आणि आजाराचे निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचेच.

एलिमिनेशन डाएटमध्ये साखर बंद करावीच लागते का?

बहुतेकदा नाही. ज्या पदार्थांवर संशय आहे ते साधारण २ ते ६ आठवडे पूर्ण बंद करायचे, त्रास कमी होतो का ते पाहायचं आणि मग एकेक पदार्थ परत आणून नेमका कोणता बाधतो ते शोधायचं, एवढाच हा प्रकार. संशयितांच्या यादीत सहसा दूध, गहू, अंडी, सोयाबीन, फल्लीदाणे, काजू-बदाम, मासे येतात. पोटाच्या तक्रारीसाठी लो-फॉडमॅप पथ्य (आतड्यात आंबून वायू करणारे पदार्थ कमी करणारं) दिलं असेल तर कांदा, लसूण, गहू, दुधातली साखर, मध, आंबा अशी वेगळी यादी असते, आणि त्यातसुद्धा साधी साखर थोड्या प्रमाणात चालते.

म्हणून आधी आपला कागद काढून पाहा. त्यावर साखर लिहिली आहे का? "एवढं पथ्य करतोच आहे तर साखरही सोडू" असं म्हणून बरेच जण ती स्वतःच जोडतात. आमचं स्पष्ट मत: डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर ही दोन कामं एकाच महिन्यात करू नका. गहू आणि दूध सोडणं हेच पुष्कळ आहे. त्यात साखर जोडली की दहाव्या दिवशी सगळंच सुटतं आणि कशाने काय झालं ते शेवटपर्यंत कळत नाही.

एक पेढा खाल्ला. पथ्य मोडलं का?

दूध बंद असेल तर हो, आणि त्याचं कारण साखर नाही, खवा आहे. हा फरक नीट समजला तर निम्मी चिंता मिटते. प्रश्न "गोड खाल्लं का" हा नसून "त्या गोडात काय होतं" हा आहे.

दूध आणि गहू बंद असलेल्या माणसाने सुपारीएवढा गुळाचा खडा तोंडात टाकला तर प्रयोगाला धक्का लागत नाही. पण संत्रा बर्फीत खवा आहे, सोनपापडीत बेसनाबरोबर मैदा असतो, शंकरपाळे आणि करंजीत मैदा किंवा गहू, कोहळ्याच्या बोंडांत कणीक, चिक्कीत फल्लीदाणे. यातलं काही पोटात गेलं तर वहीत तारीख, वेळ आणि किती खाल्लं ते लिहा आणि पुढचे तीन दिवस लक्षणं बघा. पथ्य पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू करायचं की तसंच पुढे न्यायचं, हे ज्यांनी पथ्य दिलं त्यांना विचारा. "आता मोडलंच आहे" म्हणून संध्याकाळी आणखी दोन पेढे खाणं, नुकसान खरं तिथे होतं.

पथ्य सुरू झालं की गोडाची तलफ इतकी का वाढते?

बहुतांश वेळा ती तलफ गोडाची नसतेच, ती भूक असते. हिशोब करून पाहा. एखादी व्यक्ती दिवसाला चार पोळ्या खाते. एका पोळीला ३० ग्रॅम कणीक धरली तर १२० ग्रॅम पीठ झालं, म्हणजे सुमारे ४०० कॅलरी. चहातून आणि रात्री मिळून २०० मिली दूध जातं, त्याच्या सव्वाशेच्या आसपास. पथ्य सुरू झालं की हे दोन्ही ताटातून जातं आणि जागा रिकामी राहते, कारण "काय खायचं नाही" याची यादी मिळते आणि "त्याऐवजी काय" हा कागद कोरा असतो. रोजच्या पाचशेच्या वर कॅलरी कमी पडल्या की शरीर सगळ्यात लवकर ताकद देणारी वस्तू मागतं. ती वस्तू साखर.

उपायही याच हिशोबात आहे. गव्हाऐवजी ज्वारी तेवढ्याच वजनाची घ्या: ६० ग्रॅम पिठाची एक, अशा दोन भाकरी म्हणजे चार पोळ्या भरून निघाल्या. पहिल्या आठवड्यात पीठ खरंच वजनकाट्यावर मोजा. भाकर पोटभर वाटते म्हणून लोक एकावर थांबतात आणि साडेअकराला डबा उघडून गूळ शोधतात. दुधातून मिळणारी ६-७ ग्रॅम प्रथिनं मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाण्यांतून किंवा एक वाटी घट्ट तुरीच्या वरणातून येतात. अंडं बंद नसेल तर एका अंड्यातही तेवढीच असतात.

न्याहारीचं बघा. नुसते पोहे म्हणजे जवळजवळ सगळं पिष्ट. दोन तासांत भूक परत येते. त्याच पोह्यांवर घरी केलेली हरभऱ्याची तर्री घेतली तर दुपारपर्यंत निभावतं. तर्री पोहे पथ्याला वाईट असा समज आहे, तो इथे चुकीचा ठरतो. अडचण फक्त ठेल्यावरच्या मसाल्यात आणि हिंगात काय आहे हे न कळण्याची, म्हणून घरची तर्री.

चहा सोडल्यापासून डोकं दुखतं आणि गोड हवंसं वाटतं. साखर सुटल्यामुळे का?

डोकं दुखण्याचं कारण बहुतेक चहातलं कॅफीन. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकं जड व्हायला लागतं, पहिले दोन दिवस ते सर्वाधिक दुखतं आणि साधारण आठवड्याभरात थांबतं. दूध बंद म्हणून चहा एका दिवसात सोडला की दूध, साखर आणि कॅफीन तिन्ही एकदम जातात. मग दोष साखरेवर येतो आणि डोकं थांबावं म्हणून माणूस बिस्कीट खातो.

कॅफीन तुमच्या यादीत नसेल तर चहा सोडू नका, दूध सोडा. दीड कप पाण्यात अर्धा चमचा चहा पावडर, ठेचलेलं आलं आणि गवती चहाची दोन पाती. पाणी उकळलं की पावडर टाकून गॅस बंद करा आणि दोन मिनिटं झाकून ठेवा. दुधाच्या चहासारखं खळखळ उकळत ठेवलं तर तो कडू होतो, आणि कडू झाला की हात साखरेच्या डब्याकडे जातो. कोऱ्या चहाला साखर मुळात कमी लागते, पण ती कमी होते ती पावडर शेवटी टाकल्यामुळे.

साखर कमी करायचीच असेल तर दर चार दिवसांनी कपामागे अर्धा चमचा उतरवा. दोन चमच्यांवरून अर्ध्यावर यायला १२ दिवस लागतात आणि जिभेला फारसं कळत नाही. दिवसाला पाच कप आणि प्रत्येकी दोन चमचे म्हणजे ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून जात असते. २००० कॅलरीच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवा आणि जमल्यास २५ वर आणा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

दुपारी चार-पाचला जीव कासावीस होतो. तेव्हा नेमकं काय खायचं?

चारची वाट बघू नका, साडेतीनला खा. तलफ चढल्यावर फुटाणे कुणालाच नको असतात.

यादीत बंद नसेल ते निवडा: ३० ग्रॅम फुटाणे आणि एक पेरू, उकडलेलं मध्यम रताळं (सुमारे १०० ग्रॅम) वर मीठ, लिंबू आणि जवसाची चटणी, चून (पिठलं) आणि अर्धी भाकर, फोडणी दिलेली मोड आलेली मटकी, वरून सांबार (कोथिंबीर) आणि लिंबू. लो-फॉडमॅप पथ्य असेल तर हरभरा, मटकी आणि पेरूचं प्रमाण आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवा, त्यात वायू होतो.

रताळं गोड असतं, तरी ते चालतं. उकडून गार केलेलं रताळं चावायला वेळ लागतो, त्यात तंतू असतात आणि गोडाची हौसही भागते. त्याचा शिरा केला की हे सगळं हातचं जातं.

तलफ आलीच तर त्या क्षणी काय करायचं?

बहुतेक तलफा पंधरा-वीस मिनिटांत ओसरतात. आधी एक पेलाभर पाणी, मग जागा बदलणं: बाल्कनीत जा, खाली उतरून गल्लीचा एक फेरा मारा. जेवणानंतर गोड लागणाऱ्यांनी ताटावरून उठल्याबरोबर चूळ भरून बडीशेप किंवा लवंग तोंडात ठेवावी. मीठा पान हा उपाय नाही, गुलकंदात भरपूर साखर असते.

वीस मिनिटांनंतरही हवंसं वाटत असेल तर ती भूक आहे. नीट जेवा.

साखरेऐवजी गूळ, मध, खजूर चालेल का?

साखर स्वतः यादीत असेल तर नाही. गूळ म्हणजे मुख्यतः उसाचीच साखर, त्यात थोडी खनिजं असतात एवढंच. मधात सुमारे ८० टक्के साखरच असते आणि लो-फॉडमॅपमध्ये तो साखरेपेक्षा जास्त त्रास देतो. लहान खजुराच्या एका फळात साधारण ५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच खजूर म्हणजे सहा चमचे. खजुराचे लाडू "साखरविरहित" म्हणून तीन खाल्ले जातात, हा नेहमीचा घोळ.

साखर यादीत नसेल तर यातलं जे तुमच्या यादीत नाही ते मोजून चालेल. मोजून म्हणजे डब्यातून काढून वाटीत घेऊन. डबा समोर ठेवून नाही.

शुगर-फ्री गोळ्या आणि बिस्किटं?

पोटासाठी पथ्य असेल तर सॉर्बिटॉल, मॅल्टिटॉल, झायलिटॉल टाळा. यांनी गॅस आणि जुलाब होतात, आणि तुम्ही शोधत असलेली लक्षणंही नेमकी तीच. शुगर-फ्री बिस्किटात बहुधा मैदा असतो. स्टीव्हिया वापरायला हरकत नाही, पण जिभेची गोडीची सवय त्याने उतरत नाही. वजन कमी करण्यासाठी कृत्रिम गोडवा वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं आहे. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नाही.

संत्री खाल्ली तर चालतात का?

यादीत लिंबूवर्गीय फळं नसतील तर खुशाल खा. आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे येतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे वर्षातले बरेच महिने स्वस्त आणि उत्तम गोड फळ हाताशी असतं. एक मध्यम संत्रं सोलून, फोडीच्या पांढऱ्या रेषांसकट खाल्लं तर सुमारे १२ ग्रॅम साखर आणि सोबत तंतू मिळतात. रस काढला तर पेल्याला तीन-चार संत्री लागतात, तंतू गाळणीत राहतात आणि दोन मिनिटांत संपतो. साडेतीनला एक संत्रं आणि मूठभर फुटाणे, गोडाला यापेक्षा चांगला पर्याय या गावात शोधून सापडणार नाही.

सगळं पाळतो तरी त्रास तसाच आहे. कुठे चुकतंय?

तीन जागा तपासा.

पहिली, हिंगाची डबी. बाजारातला बांधणीचा हिंग बहुधा मैद्यात किंवा कणकेत मिसळलेला असतो. डबीवरचे घटक वाचा. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो आणा, नाहीतर पथ्यापुरता हिंग सोडा.

दुसरी, चक्की. तुमच्या ज्वारीच्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो आणि पहिलं किलोभर पीठ त्या गव्हाचं उरलेलं घेऊनच खाली येतं. सकाळी चक्की साफ करून सुरू होते तेव्हा पहिलं दळण लावा, किंवा तांदळावर दळून मागा. सिलिॲक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार) असेल तर यावरही भागत नाही, घरची छोटी चक्की किंवा ग्लूटेन-मुक्त म्हणून पॅक केलेलं पीठच घ्यावं लागतं. थालीपिठाच्या भाजणीत आणि सातूच्या पिठातही बहुतेक घरी गहू असतो.

तिसरी, पाकिटं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर वेगवेगळ्या नावांनी येते: लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन. जवाचं माल्ट दिसलं तर त्यात ग्लूटेनही आलं. दूध, गहू, सोया, फल्लीदाणे यांची ॲलर्जी-सूचना पाकिटावर वेगळी छापणं बंधनकारक आहे, ती ओळ आधी वाचा.

खोकल्याचं सिरप आणि च्यवनप्राशात साखर असते, अनेक गोळ्यांत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते. पण डॉक्टरांनी दिलेलं औषध स्वतःहून बंद करू नका, विचारा.

मे महिन्यात ४५ अंशांत रसवंतीवर थांबल्याशिवाय राहवत नाही.

ती बहुतांशी तहान असते. पाव लिटर उसाच्या रसात ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. बाहेर पडताना बाटलीत लिंबू-मीठ-जिऱ्याचं पाणी घ्या. घरी पन्हं करा: एक मध्यम कैरी उकडून गर काढा, दोन चमचे गूळ, अर्धा चमचा मीठ, वेलची, जिरेपूड आणि तीन पेले पाणी. नेहमीच्या पन्ह्यापेक्षा हे आंबट लागेल, पण उन्हातून आल्यावर तेच बरं वाटतं. दूध बंद असेल तर मठ्ठा नको.

ऊन लागलं किंवा जुलाब झाले तर ओआरएस घ्यायलाच हवं. त्यात ग्लुकोज असतं, लिटरला १३.५ ग्रॅम, आणि ते गोडीसाठी नाही तर आतड्यातून मीठ-पाणी शोषलं जावं म्हणून घातलेलं असतं. इथे पथ्य आडवं आणू नका.

पोळा, महालक्ष्म्या, लग्नाची पंगत. कसं निभवायचं?

शक्य असेल तर पथ्याची सुरुवातच सण बघून करा. महालक्ष्म्यांच्या आठवडाभर आधी गहू-दूध बंद करणं म्हणजे स्वतःवर विनाकारण जुलूम.

मध्येच सण आला तर पुरण वेगळं काढून ठेवा. पोळीत गहू आहे, पुरणात नाही: हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलची. हरभरा आणि गूळ चालत असेल तर दोन चमचे पुरण वाटीत घेऊन जेवणाबरोबर खा. तूप विचारून घ्या, दुधाची ॲलर्जी असेल तर तेही नको. आंबिलीत ताक असतं. कटाच्या आमटीचा हिंग तपासा. पंगतीत "थोडं तरी घ्या" होतंच. तिथे "डाएट" म्हणू नका, "डॉक्टरांचं पथ्य आहे, अमुक तारखेपर्यंत" म्हणा. तारीख सांगितली की आग्रह थांबतो.

उपवास या काळात शक्यतो टाळा. साबुदाणा पटकन पचतो, खिचडीत फल्लीदाणे असतात आणि दिवसभर पोट रिकामं राहिलं की रात्री गोडावर ताबा राहत नाही.

पदार्थ परत आणताना गोडाचं काय?

एका वेळी एकच पदार्थ, तोही शुद्ध रूपात. दूध तपासायचं तर साधं दूध: सकाळी ६० मिली, दुपारी १२०, संध्याकाळी २४०. मध्ये काही झालं तर तिथेच थांबा. मग दोन दिवस पुन्हा बंद ठेवून लक्षणं लिहा. पेढा खाऊन दूध तपासलं तर खवा, साखर, पिस्ता की रंग, कशाने झालं ते सांगता येत नाही. साखर बंद केली असेल तर तीही अशीच एकटी तपासा, कोऱ्या चहात. पूर्वी ओठ सुजले असतील, श्वास अडकला असेल किंवा चक्कर आली असेल तर तो पदार्थ घरी तपासायचा नाही, रुग्णालयातच.

मधुमेह किंवा सिकलसेल असेल तर?

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या सुरू असताना घाम, थरथर आणि अचानक गोड हवंसं वाटणं ही तलफ समजू नका. लगेच साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. पथ्यात जेवण घटलं तर गोळीचा डोसही बदलावा लागतो, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा.

विदर्भात सिकलसेलचं (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) प्रमाण लक्षणीय आहे. अशा रुग्णांनी उपाशी आणि पाण्याविना राहणं धोक्याचं असतं, आणि त्यांच्यात तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी चाचणी फसवी येऊ शकते. गर्भवती, लहान मुलं, वजन आधीच कमी असलेले आणि खाण्याच्या विकाराचा इतिहास असलेले यांनी हे पथ्य स्वतःहून करू नये.

रक्ताच्या एका चाचणीत शंभर पदार्थांची ॲलर्जी कळते म्हणतात. मग पथ्य कशाला?

त्या बहुधा आयजीजी चाचण्या असतात. आयजीजी हे रक्तातलं एक प्रतिपिंड, ते तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच सांगतं. ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटना त्यांची शिफारस करत नाहीत. त्यांच्या जोरावर वीस पदार्थ सोडले की तलफही वीसपट छळते. सिलिॲकची चाचणी मात्र गहू बंद करण्याच्या आधी करा, नंतर ती खोटी नकारात्मक येऊ शकते.

तीन आठवडे झाले, पोटभर खातो, तरी गोडाची ओढ तशीच आहे.

आधी झोप बघा. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गोड जास्त लागतं. बायकांनी पाळीची तारीख वहीत खूण करावी, आधीच्या आठवड्यात ओढ वाढते आणि आपोआप उतरते. गोडाऐवजी कच्चे तांदूळ, खडू, माती किंवा बर्फ खावासा वाटत असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. ते सहसा लोह कमी असल्याचं लक्षण असतं. आणि गोडाबरोबर तहान फार लागत असेल, रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागत असेल, वजन उतरत असेल, तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर याच आठवड्यात तपासून घ्या.